संकलकाचे दप्तर : एडिटिंगचा जुना संगणक बदलताना काय हरवते?

१/२६
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. फोटो आणि व्हिडिओंचे संपादन करणाऱ्या अनेकांसमोर त्यामुळे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : आठ-दहा वर्षे साथ दिलेला डेस्कटॉप आता बदलावा का? प्रोसेसर कोणता घ्यावा, रॅम किती असावी, ग्राफिक्स कार्डावर किती खर्च करावा, याची चर्चा सर्वत्र होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दिसतो. यंत्र बदलले की त्या यंत्रावर झालेल्या कामाचे काय होते? आजचा धागा त्याविषयी.

२/२६
आरंभी एक भेद स्पष्ट करून घेऊ. व्हिडिओ संकलनाच्या कामात तीन गोष्टी असतात. पहिली, कॅमेऱ्यातून आलेले मूळ चित्रीकरण. दुसरी, लोकांसमोर जाणारी तयार चित्रफीत. आणि तिसरी, या दोहोंना जोडणारी प्रोजेक्ट फाइल. या फाइलमध्ये सहसा चित्र नसतेच, केवळ सूचना असतात : अमुक फाइलमधला अमुक भाग, या क्षणापासून त्या क्षणापर्यंत, त्यानंतर तमुक दृश्य, रंग इतका गडद, आवाज इतका कमी. म्हणजेच संकलकाने घेतलेल्या शेकडो निर्णयांची ती नोंदवही. या धाग्यात मी तिला ‘संकलकाचे दप्तर’ म्हणेन.

३/२६
हे दप्तर महत्त्वाचे का? असे समजा की, गावातल्या एका वृद्ध कलावंताची दोन तासांची मुलाखत घेतली आणि तिची बारा मिनिटांची चित्रफीत केली. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक विचारील : उरलेल्या एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांत ते काय म्हणाले होते? दोन वाक्यांच्या मधले काय गाळले? उत्तराचा क्रम बदलला होता का? तयार चित्रफीत याविषयी मूक असते. मूळ चित्रीकरण आणि दप्तर ही दोन्ही हाताशी असतील, तरच उत्तर मिळते. साधनचिकित्सा शिकणाऱ्याला खाडाखोड केलेला मसुदा जितका मोलाचा, तितकेच हे दप्तर.

४/२६
गेल्या शतकभरात संकलनाचे यंत्र अनेकदा मुळापासून बदलले. जवळजवळ प्रत्येक वेळी तयार कृती नव्या यंत्रापर्यंत पोहोचण्याची काही ना काही सोय झाली. दप्तर मात्र वाटेत गळत गेले. जिथे ते वाचले, तिथे वाचण्याची कारणेही साधी होती. ती कारणे पाहण्यासाठी कात्रीच्या काळापासून सुरुवात करू.

५/२६
१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यासाठीची यंत्रसामग्री फाळके यांनी इंग्लंडहून आणवली होती. फिल्म धुण्याचे आणि तिला छिद्रे पाडण्याचे काम घरीच चाले, आणि त्यात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा वाटा होता. त्या काळी जगभर संकलन म्हणजे फिल्म हाताने कापणे आणि चिकटवणे. येथे निर्णय आणि वस्तू एकरूप होत्या. कट कुठे केला, हे त्या पट्टीवरच्या सांध्यावरून बोटालाही कळे.

६/२६
१९२४ साली अमेरिकेत आयव्हन सेरुरिए यांनी मुव्हिओला हे यंत्र संकलकांच्या हाती दिले. मुळात त्यांनी घरी चित्रपट पाहण्यासाठीचे एक महागडे यंत्र बनवले होते, ते फारसे खपले नाही. त्याचेच रूप बदलून, लहानशा भिंगातून फिल्म चालती-थांबती पाहता येईल असे साधन तयार झाले. १९५० च्या दशकात जर्मनीतील स्टीनबेक कंपनीचे टेबलासारखे सपाट यंत्र आले. फिल्म तीच, कात्री तीच. पाहण्याची सोय मात्र वाढत गेली.

७/२६
या काळात रूढ झालेली एक पद्धत पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तिची एक कामचलाऊ प्रत काढली जाई आणि सगळी कापाकापी त्या प्रतीवर होई. निगेटिव्हच्या कडेला छापलेले क्रमांक प्रतीवरही उमटत. काम संपले की त्या क्रमांकांचा मेळ घालून निगेटिव्ह एकदाच आणि अचूक कापली जाई. मूळ सुरक्षित, काम प्रतीवर, आणि दोहोंना जोडणारा न बदलणारा क्रमांक. ही त्रिसूत्री लक्षात ठेवा.

८/२६
१९५६ साली अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने व्यावसायिक वापराचा पहिला यशस्वी व्हिडिओ टेप रेकॉर्डर सादर केला. आता चित्र चुंबकीय फितीवर होते आणि फीत उजेडात धरली तर काहीच दिसत नसे. सुरुवातीच्या संकलकांनी फितीवर लोहकणांचे द्रावण लावून, सूक्ष्मदर्शकातून चुंबकीय रेषा शोधून, पात्याने फीत कापली. पुढे फीत न कापता एका यंत्रावरून दुसऱ्यावर भाग नकलून घेण्याची पद्धत आली. सांधा नाहीसा झाला, आणि सांध्याबरोबर निर्णयाची खूणही. आता निर्णय कुठेतरी वेगळा लिहून ठेवणे भाग होते.

९/२६
हे लिहून ठेवण्याचे काम संगणकाकडे आले ते १९७१ साली. सीबीएस आणि मेमोरेक्स या दोन कंपन्यांच्या भागीदारीतून सीएमएक्स ६०० हे यंत्र तयार झाले. किंमत सुमारे अडीच लाख डॉलर. चित्रे मोठमोठ्या चुंबकीय चकत्यांवर साठवलेली, कृष्णधवल आणि धूसर. समोर दोन पडदे आणि हाती प्रकाशलेखणी. कोणतेही दृश्य कोणत्याही क्रमाने लावा, पाहा, मोडा, पुन्हा लावा. आजच्या टाइमलाइनची ही पूर्वज. इतके महाग यंत्र अर्थातच मोजक्या ठिकाणीच पोहोचले.

१०/२६
धूसर कृष्णधवल चित्रे प्रक्षेपणाच्या उपयोगाची नव्हतीच. सीएमएक्स ६०० चे खरे फलित वेगळे होते : छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर उतरणारी निर्णयांची यादी. ती यादी दुसऱ्या यंत्राला दिली की, ते मूळ उत्तम फितींवरून तयार कार्यक्रम जुळवून देई. म्हणजे फिल्मचीच त्रिसूत्री पुन्हा अवतरली : मूळ बाजूला, काम हलक्या प्रतीवर, आणि दोहोंना जोडणारे आकडे.

११/२६
या यादीला ‘एडिट डिसिजन लिस्ट’, संक्षेपाने ईडीएल म्हणतात. पुढे याच कंपनीच्या सीएमएक्स ३६०० या यंत्राची यादी लिहिण्याची रीत सर्वमान्य झाली. तिच्यातली प्रत्येक ओळ साध्या अक्षरांत असते : घटनेचा क्रमांक, फितीचे नाव, चित्र की ध्वनी, कट की मिश्रण, आणि तास-मिनिट-सेकंद-फ्रेम अशा रूपातले चार आकडे. मूळ फितीवर आरंभ कुठे व शेवट कुठे, आणि तयार कृतीत आरंभ कुठे व शेवट कुठे, इतकेच.

१२/२६
आता इतिहासातली गंमत पाहा. सीएमएक्स कंपनी आज नाही. तिची यंत्रे संग्रहालयाच्या योग्यतेची झाली. पण तिच्या यादीची रीत अजून जिवंत आहे. प्रीमियर प्रो किंवा दाविंची रिझॉल्व्हमधून आजही ‘सीएमएक्स ३६००’ पद्धतीची यादी काढता येते. लाखो डॉलरचे यंत्र मेले आणि साध्या मजकुराची यादी उरली. ती उरली कारण ती वाचण्यासाठी ते यंत्र लागत नव्हते. कोणताही माणूस आणि कोणताही संगणक ती वाचू शकत होता.

१३/२६
१९८४ साली लुकासफिल्मने लेझरडिस्कवर चालणारे एडिटड्रॉइड आणले. ते फार चालले नाही. १९८९ साली अ‍ॅव्हिड कंपनीने मॅकिंटॉश संगणकावर आधारलेली प्रणाली बाजारात आणली आणि टेबलावरचा संगणक हेच संकलनाचे यंत्र बनू लागले. सुरुवातीच्या अ‍ॅव्हिडमधील चित्रेही ओबडधोबड होती. अंतिम काम अजून फिल्मवर किंवा फितीवर होई. ‘द इंग्लिश पेशंट’ हा १९९६ चा चित्रपट वॉल्टर मर्च यांनी अ‍ॅव्हिडवर संकलित केला. संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटाला संकलनाचा ऑस्कर मिळण्याची ती पहिली वेळ.

१४/२६
छायाचित्रांची कथा समांतर चालते. १९८७ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी थॉमस नोल यांनी मॅकिंटॉश प्लसवर करड्या छटांची चित्रे दाखवणारी एक आज्ञावली लिहिली. भाऊ जॉन नोल यांच्या साथीने ती वाढली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आली. त्या वेळी ‘लेयर’ नव्हते. केलेला बदल मूळ चित्रातच मुरून जाई. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि प्रत्येक निर्णय वेगळा ठेवणे शक्य झाले. छायाचित्रकारालाही दप्तर मिळाले ते येथे.

१५/२६
घरगुती डेस्कटॉपवर व्हिडिओ खऱ्या अर्थाने उतरला तो १९९५ नंतर. त्या वर्षी आलेल्या डीव्ही पद्धतीत एका तासाच्या चित्रणाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागे. त्या काळच्या अनेक संगणकांची सबंध डिस्क याहून लहान असे. १९९९ मध्ये अ‍ॅपलने फायनल कट प्रो आणले. २००३ च्या ‘कोल्ड माउंटन’साठी याच वॉल्टर मर्च यांनी फायनल कट प्रो आणि साधे पॉवर मॅक संगणक वापरले. बड्या स्टुडिओतले काम आणि लग्नाच्या व्हिडिओचे ‘मिक्सिंग’ आता एकाच जातीच्या यंत्रावर होऊ लागले.

१६/२६
मग हे यंत्र म्हातारे का होते? त्याची गणना करण्याची शक्ती झिजते म्हणून नव्हे. त्याच्यासमोर येणारे चित्र मोठे होत जाते म्हणून. डीव्हीच्या आपल्याकडील पद्धतीत एका चित्रात ७२० × ५७६ म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू. फुल एचडीत सुमारे २० लाख ७४ हजार. ‘फोर-के’त सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे डीव्हीच्या वीस पट. असे असंपीडित चित्र सेकंदाला २५ वेळा दाखवायचे तर दर सेकंदाला ६०० मेगाबाइटहून अधिक माहिती हलवावी लागते. फिरती हार्ड डिस्क तिथे कधीच मागे पडते.

१७/२६
म्हणून कॅमेरा आणि मोबाइल चित्र दाबून, म्हणजे संपीडित करून साठवतात. २०१३ साली प्रमाणित झालेल्या एचईव्हीसी पद्धतीत बहुतेक फ्रेम पूर्ण नसतात. शेजारच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदलले, एवढेच त्यांत असते. एक फ्रेम दाखवायला आजूबाजूच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. नव्या प्रोसेसरांत आणि ग्राफिक्स कार्डांत या कामासाठी वेगळी सोय असते. दहा वर्षांपूर्वीच्या अनेक संगणकांत ती नसते. त्यामुळे जुनी एडिटिंगची कामे सहज करणारा डेस्कटॉप हातातल्या मोबाइलच्या चित्रणापुढे अडखळतो.

१८/२६
यावरचा एक उपाय इतिहासच सुचवतो. संकलनाच्या आज्ञावलीत ‘प्रॉक्सी’ नावाची सोय असते : मूळ जड फाइलची हलकी प्रत काढायची, काम त्या प्रतीवर करायचे, शेवटी मूळ फाइल जोडायची. म्हणजे फिल्मची कामचलाऊ प्रत, आणि सीएमएक्सची धूसर चित्रे. प्रॉक्सी, थोडी अधिक रॅम आणि आज्ञावलीसाठी एक एसएसडी एवढ्याने पुष्कळ जुने संगणक आणखी काही वर्षे निघतात. सुरक्षा-अद्यतने थांबली, संकलनाच्या आज्ञावलीची हवी ती आवृत्ती चालेनाशी झाली किंवा भाग मिळेनासे झाले की मात्र यंत्र बदलण्याला पर्याय उरत नाही. आणि धोका नेमका त्या दिवसांत असतो.

१९/२६
त्या धोक्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फायनल कट प्रो. २१ जून २०११ रोजी अ‍ॅपलने त्याचे संपूर्ण नव्याने लिहिलेले रूप आणले, ‘फायनल कट प्रो टेन’. नव्या आज्ञावलीला सातव्या आवृत्तीतील प्रकल्प उघडता येत नव्हते. व्यावसायिक संकलकांत मोठी खळबळ उडाली. जुनी आवृत्ती जुन्या संगणकावर चालत राहिली म्हणून अनेकांनी निर्णय पुढे ढकलला. २०१७ च्या मॅक प्रणालीवर ती सातवी आवृत्ती चालेनाशी झाली. २०१९ मध्ये तर ३२-बिट आज्ञावलींचा आधारच अ‍ॅपलने काढून टाकला.

२०/२६
परिणाम लक्षात घ्या. ज्याने २००५ ते २०११ या काळात फायनल कटवर माहितीपट केला, त्याच्या मूळ फाइली आजही कदाचित नीट असतील आणि तयार चित्रपटही. पण प्रकल्पाची फाइल नव्या संगणकावर थेट उघडत नाही. ज्यांनी जुना संगणक चालू असतानाच आपले प्रकल्प एक्सएमएल या मजकूररूप पद्धतीत काढून ठेवले, त्यांचे बरेचसे दप्तर इतर आज्ञावलींना वाचता आले. फरक यंत्राच्या किमतीने पडला नाही. जुने यंत्र बंद करण्याआधी केलेल्या एका कामाने पडला.

२१/२६
छायाचित्रकारांचाही असाच एक अनुभव आहे. अ‍ॅपलची ‘अ‍ॅपर्चर’ ही आज्ञावली २००५ मध्ये आली. मूळ छायाचित्राला हात न लावता सर्व बदल ती वेगळ्या नोंदींत ठेवी. २०१४ मध्ये तिचा विकास थांबवल्याची घोषणा झाली, २०१५ मध्ये विक्री बंद झाली. लाइटरूमकडे वळणाऱ्यांना छायाचित्रे, शीर्षके, अल्बम नेता आले; प्रकाश आणि रंगांचे निर्णय मात्र नव्या आज्ञावलीला समजणारे नव्हते. वर्षानुवर्षांचे काम टिकवायचे तर प्रत्येक चित्राची बदलांसह तयार प्रत काढणे हाच मार्ग उरला.

२२/२६
इतिहासप्रेमी मराठी वाचकाला येथे मोडीची आठवण व्हावी. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद टिकले. पण विसाव्या शतकात मोडी व्यवहारातून गेली आणि ते कागद वाचणारे थोडे उरले. वस्तू आहे, वाचक नाही. न उघडणारी प्रोजेक्ट फाइल नेमकी अशीच असते. फरक इतकाच की मोडी चिकाटीने शिकता येते, कारण लेखन डोळ्यांसमोर असते. बंदिस्त पद्धतीच्या फाइलमध्ये डोळ्यांना वाचण्यासारखे काही नसते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली. ते नुकसान सर्वांना दिसले. फाइल न उघडण्याचे नुकसान कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची हळहळही कोणी करत नाही.

२३/२६
याउलट, एक जुने यंत्र सांभाळले म्हणून काय वाचते, तेही पाहू. १९६६-६७ मध्ये नासाच्या पाच लुनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रे घेतली; ती चुंबकीय फितींवर होती. फिती उरल्या, पण त्या वाचणारी अँपेक्स एफआर-९०० यंत्रे दुर्मीळ झाली. नासातील नॅन्सी इव्हान्स यांनी अशी काही यंत्रे मिळवून आपल्या घरच्या जागेत वर्षानुवर्षे सांभाळली. पुढे कॅलिफोर्नियात एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड्सच्या इमारतीत ती दुरुस्त झाली, आणि २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वीचे १९६६ चे छायाचित्र पूर्वी कधी न दिसलेल्या स्पष्टतेने समोर आले.

२४/२६
आता आपल्याकडे वळू. आज गडकोट, वीरगळ, जुनी घराणी, गिरणी कामगार, लोककलावंत यांचे चित्रण कोण करते? बहुतेकदा आपल्यासारखेच तरुण, स्वतःच्या डेस्कटॉपवर, कोणत्याही संस्थेच्या पाठबळाशिवाय. ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतले काही जण आज हयात नाहीत. ती मुलाखत पुन्हा होणार नाही. बारा मिनिटांची चित्रफीत समाजमाध्यमावर राहील. मूळ दोन तास आणि दप्तर त्या एका जुन्या संगणकात आहे. तो बदलणे ही केवळ खरेदी नाही, ते दफ्तरखान्याचे स्थलांतर आहे.

२५/२६
म्हणून स्थलांतराचा क्रम इतिहासातूनच घ्यावा.
• जुना संगणक बंद करण्यापूर्वी महत्त्वाचा प्रत्येक प्रकल्प त्यावर उघडावा. तयार चित्रफीत उत्तम दर्जात, आणि सोबत ईडीएल व एक्सएमएल काढावे. ईडीएलमध्ये रंग, अनेक थर, बहुतेक इफेक्ट येत नाहीत. कटांचा क्रम मात्र टिकतो.
• छायाचित्रांची लेयरसह फाइल ठेवावी आणि शेजारी एकत्र केलेली टिफ प्रतही.
• मूळ फाइलींची नावे एकमेव असावीत. कॅमेरे पुन्हा पुन्हा तेच क्रमांक देतात. फिल्मच्या कडेचे क्रमांक तसे नव्हते. प्रकल्पात आधीच जोडलेल्या फाइलींची नावे मात्र ऐन स्थलांतरात बदलू नयेत, दुवे तुटतात.
• फॉन्ट, प्लग-इन, आवृत्ती आणि गाळलेल्या भागांविषयीचे टिपण साध्या मजकुरात लिहावे.
• प्रकल्पाची एक प्रत जुन्या आवृत्तीतच राखावी. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल सहसा जुनीत उघडत नाही.
• छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम पाळावा : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी.
• नव्या संगणकावर प्रकल्प उघडून, तुटलेले दुवे जोडून, शेवटपर्यंत पाहावा. तोवर जुना संगणक विकू नये, पुसू नये. इंटरनेटपासून तोडून काही महिने जवळ ठेवावा.

२६/२६
नव्या यंत्राचा हव्यास वाईट नाही. फाळक्यांनी यंत्रासाठी समुद्र ओलांडला होता, मर्च यांनी दोनदा यंत्र बदलले. पण जे यंत्र आज नवे, ते दहा वर्षांनी पुन्हा जुने होणार, हे या शंभर वर्षांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे दप्तर अशा रीतीने लिहिलेले असावे की पुढच्या यंत्राला ते वाचता यावे. जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले आणि घरोघरच्या लग्नाच्या कॅसेटींसाठी नवे यंत्र मिळेनासे झाले. तुमच्या घरी, मंडळात किंवा विभागात अशी कॅसेट, अशी डिस्क, असा न उघडणारा प्रकल्प आहे का? असल्यास तो कोणत्या यंत्रावर झाला होता आणि त्यात कोणाचा आवाज आहे, हे खाली जरूर लिहा. संगणक बदलण्याच्या बेतात असलेल्या मित्राला हा धागा आजच पाठवा. खरेदीनंतर पाठवून उपयोग नाही.